चंपीणबाईची टाच

चंपीणबाईच्या टाचा जमिनीला टेकलेल्या मी आयुष्यात एकदाच पाहिल्या. एरवी बाई कायम चवड्यांवर. उभी राहिली की या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर, जशी काही खालची जमीन तापलेली आहे. रामाच्या देवळात आरतीला उभी राहिली तरी तेच. पुजाऱ्याला वाटलं, बाईच्या अंगात येणार. बिचारा दोन वर्षं हळदीकुंकवाचं ताट हाताशी ठेवून वाट पाहत होता. अंगात काही आलं नाही. जे यायचं होतं ते केव्हाच येऊन बसलं होतं, आणि त्याला टेनिस म्हणतात हे पुजाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

"टाच टेकली की माणूस संपलं," असं बाईचं म्हणणं. हे ती कुणालाही सांगायची. विहिरीवर पाणी ओढणाऱ्या बायांना सांगायची, पोस्टाच्या खिडकीतल्या कारकुनाला सांगायची. एकदा एका लग्नात अंतरपाटाशी उभ्या असलेल्या नवरीच्या मागे जाऊन हिनं "टाच!" म्हणून अशी आरोळी दिली, की नवरीनं दचकून मंगलाष्टकं संपायच्या आधीच हार घालून टाकला. भटजी उरलेली दोन कडवी कुणासाठी म्हणावीत या विचारात पडले.

ही पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. आमचं गाव मूल. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, तलाव, आणि त्यांच्या पलीकडे जंगल. बाईचा भाऊ जंगलखात्यात रेंजर. महिन्यातले वीस दिवस तो जंगलात, आणि घरी बाई एकटी. वय चाळिशीचं, लग्न झालेलं नाही, अंगानं काटक, आणि उजवा हात डाव्यापेक्षा चांगला दीडपट जाड. बांगड्यावाला कासार तिच्याकडे आला की दोन मापांच्या बांगड्या ठेवायचा.

तिचं खरं नाव वत्सला. चंपीण हे नाव पोस्टमनमुळे पडलं. नागपूरच्या कुण्या मैत्रिणीनं पाकिटावर नावापुढं थट्टेनं 'चँपियन' लिहिलं होतं. पोस्टमननं ते भर बाजारात मोठ्यानं वाचलं, आणि गावानं आपल्या व्याकरणानं त्याचा अर्थ लावला. पाटलाची पाटलीण, मास्तराची मास्तरीण, तशी चंपाची चंपीण. आता हा चंप कोण? तलावावर कपडे धुताना बायांनी विचारलंच, "बाई, तुमचे चंपभाऊ कुठी असते?"

बाई धोपाटणं बॅकहँडनं फिरवत म्हणाली, "मी पण त्यालेच शोधून राह्यली. दिसला तं सांगा, रॅकेट घेऊन ये म्हणा."

झालं. नवऱ्यानं टाकलेली म्हणून अर्ध्या गावानं हळहळ केली. दोघीतिघींनी तर तिच्यासाठी सोमवार धरले.

समोर असताना मी तिला अहोजाहो करत होते. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या जवळजवळ दुप्पट झाले, म्हणून एकेरीत लिहिते. तिनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, "बाहेर!"

कारण जगातल्या सगळ्या गोष्टींचे तिनं दोनच भाग केले होते, आत आणि बाहेर. वरणात मीठ बरोबर असलं की 'आत'. जास्त झालं की 'एक बोट बाहेर'. कीर्तनकार विषय सोडून भरकटला, की मागून खणखणीत आवाज यायचा, "बाहेर!" आणि एखादी गोष्ट फसली, दूध नासलं, भावाला हिवताप आला, छपराचे कवेलू उडाले, की एकच शब्द, "पुढचा." म्हणजे गेलेल्या चेंडूचं रडगाणं नको, पुढचा खेळा.

ही बाई लागोपाठ तीन वर्षं प्रांताची चँपियन होती. नऊवारीचा काष्टा मारून खेळायची. तीन कप होते. दोन कपाटात लाल फडक्यात गुंडाळलेले. तिसरा, सगळ्यांत मोठा, अंगणात पडलेला असायचा आणि त्यात ती चुना भिजवायची.

"बाई, हा कप मोठा असून यात चुना काऊन?" मी एकदा विचारलं.

"तो माझा नाही."

"नाव तं तुमचंच हाये."

"नाव आहे गं. पण फायनलला समोरची आलीच नाही. सातवा महिना होता तिला. मी नुसती नेटपाशी उभी राह्यली अन् कप घेऊन घरी आली. त्यात चुनाच भिजवायचा."

मग चुना ढवळत म्हणाली, "मले कोणी हरवलं नाही, शके. समोरच्या एकेक लग्न होऊन गेल्या."

मी यावर खो खो हसले. मला वाटलं, बाईनं विनोद केला. सोळा-सतराव्या वर्षी माझं डोकं हे असं होतं.

चांद्याला साहेबलोकांचा एक क्लब होता. भावाची बदली इकडे झाली तेव्हा सुरुवातीला बाई दर रविवारी तिथं खेळायला जायची. एकदा एका मोठ्या साहेबांचा चेंडू रेषेबाहेर पडला. एक बोट. साहेब म्हणाले, आत. त्यांची बायको, दोन मेहुण्या आणि चहा घेऊन आलेला शिपाई, सगळे म्हणाले, आत. बाई म्हणाली, बाहेर. साहेब हसून म्हणाले, जाऊ द्या हो, पुन्हा खेळू. बाई तिथंच उकिडवी बसली, खुणेशेजारी आपलं बोट आडवं ठेवलं आणि म्हणाली, "या साहेब, तुमचं ठेवून पाहा. माझं बारीक आहे. तुमचं अर्धंच भरेल. पण बाहेर ते बाहेरच."

क्लबनं तिला काढलं वगैरे नाही. नुसतं तिच्यासमोर कुणी उभं राहीना. बाई रविवारी जायची, नेटच्या एका बाजूला उभी राहायची, आणि दुसरी बाजू रिकामी. महिनाभर हे चाललं. मग तिनं क्लब सोडला आणि मूलमध्ये आमची भिंत धरली.

आमची म्हणजे गिरणीची. माझे वडील भाताच्या गिरणीत मॅनेजर होते आणि आमचं घर गिरणीच्या आवारातच होतं. गोदामाच्या मागच्या भिंतीपलीकडे आखर होतं. सकाळी गावची ढोरं चरायला निघण्याआधी जिथं जमतात ते मोकळं मैदान. ढोरं गेली की बाई यायची आणि त्या भिंतीवर टेनिस खेळायची. धप्, धप्, धप्. गिरणीचं इंजिन चालू असलं तर त्याच्या तालात, बंद असलं तर स्वतःच्या.

बाबांची दुपारची झोप गेली. "काऊन ठोकून राह्यली ते भिंत?" ते आईला विचारायचे, जसं काही आईनंच तिला कामाला लावलं आहे. एक दिवस चेंडू भिंतीवरून उडाला आणि आमच्या अंगणात वाळत घातलेल्या मुगवड्यांत येऊन पडला. तीन ओळी साफ. आईनं मला भांडायला पाठवलं.

मी तेव्हा नागपूरच्या वसतिगृहातून मॅट्रिकला गणितात आपटून परत आलेली. घरी मी असं सांगितलं होतं, की पेपर तपासणाऱ्याला माझी रीत समजली नाही. दोन वेण्या, पांढऱ्या फिती, आणि आपल्याला काहीतरी फार मोठं व्हायचं आहे ही खात्री. काय व्हायचं ते ठरत नव्हतं, पण सही मात्र घटवून ठेवली होती. शकुंतलातल्या 'ल'ची शेपटी मी पानाच्या टोकापर्यंत न्यायची.

तर अशी मी तणतणत आखरावर गेले आणि रागानं चेंडू बाईच्या अंगावर भिरकावला. तिनं रॅकेट पुढं केली. चेंडू माझ्याकडे आला. मी घाबरून हातानं परत ढकलला. तो पुन्हा तिच्या रॅकेटवर.

बाईचे पाय थांबले नाहीत, पण चेहरा थांबला. "परत आला," ती म्हणाली. भिंतीनं नव्हे, माणसानं पाठवलेला चेंडू तिच्याकडे किती महिन्यांनी आला होता कोण जाणे. मला ते काय कळणार? मला वाटलं, माझ्यातला गुण ओळखला हिनं.

"उद्या ये. टाच उचल."

"माझ्या आईच्या वड्या..."

"पुढचा!"

दुसऱ्या दिवसापासून मी तिची प्रतिस्पर्धी झाले. हा शब्द तिचा. ती मला शिष्य कधी म्हणाली नाही. शिष्यासमोर शिकवावं लागतं, तिला खेळायचं होतं. चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत तिला एक माणूस हवं होतं, समोर उभं राहणारं. एवढीच तिची मागणी, आणि एवढ्या जंगलात ती पुरी करणारी होते फक्त मी, गणितात नापास.

भिंत सुटली, आता मैदान हवं. आखराच्या एका कोपऱ्यात आम्ही जागा सपाट केली. गिरणीतल्या कामकरी बायांनी घरच्यासारखं शेणानं सारवून दिलं. बाई पाठीमागं, "बोटांचे वळ नको गं, हात लांब फिरव!" बाया म्हणायच्या, "बाई, येवढं तं आम्ही लग्नाचा मांडव बी नाई सारवत." सारवण वाळलं की चुन्याच्या रेषा. ओल धरून असलेल्या त्या जमिनीचा एक गुण होता, चेंडू जिथं पडेल तिथं टिकलीसारखी गोल खूण उठायची. वाद घालायला जागाच नाही. पुढचं सारवण होईपर्यंत जमीन सगळं लक्षात ठेवायची.

राहिली नेट. ती विणायला तलावावरच्या बुधाभाऊला बोलावलं. बुधाभाऊ ढिवर. त्याच्या हातचं जाळं पार गोंडपिपरीपर्यंत जायचं. तो येऊन बसला आणि त्यानं त्याच्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला, "मासा कोणता?"

बाईनं चेंडू त्याच्या हातात दिला. आमच्या चेंडूंची लव केव्हाच गेली होती, अगदी टकले झाले होते. बुधाभाऊनं तो उलटसुलट करून पाहिला. "याले कल्लेच नाई. अडकन कायच्यानं?"

"अडकायला नको आहे. चेंडू जाळ्यात गेला तर वाईट."

"वाईट?"

"हो. वरून गेला पाहिजे."

बुधाभाऊनं चेंडू खाली ठेवला. "म्हंजे मासा जाळ्यात नाई आला पाह्यजे," तो हळूहळू म्हणाला, "अन् जाळं तं पाह्यजे. मंग बाई, जाळं काढूनच टाका ना!"

मला हसू आवरेना. बाई मात्र हसली नाही. चवड्यांवर झुलत तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "जाळं नसलं तर पलीकडे कोणी आहे हे कळणार कसं?"

हे बुधाभाऊला पटलं की नाही ते माहीत नाही, पण त्यानं सणाच्या दोरीची नेट विणली, खाली सवयीनं शिशाच्या गोळ्याही बांधल्या. वाऱ्यानं ती नेट कधी हलली नाही. क्लबच्या नेटला ते जमत नव्हतं, असं बाई सगळ्यांना सांगायची. बुधाभाऊ मग रोज बिडी ओढत खेळ पाहायला बसू लागला. चेंडू नेटमध्ये गेला की कपाळाला हात लावायचा, पण जाळ्यात काहीतरी आलं याचा आनंदही त्याला लपवता यायचा नाही.

त्याला गुण मोजायचं शिकवताना फार मजा. पंधरा, तीस, चाळीस इथपर्यंत तो आला. पण दोघींचे चाळीस-चाळीस झाले तर पुढे एकीनं लागोपाठ दोन गुण घ्यावे लागतात, नाहीतर पुन्हा चाळीस-चाळीस, त्याला ड्यूस म्हणतात, हे ऐकल्यावर त्यानं बिडी विझवली.

"मंग एकीनं एक घेतला, दुसरीनं एक घेतला, तं?"

"पुन्हा ड्यूस."

"मंग पुन्हा तसंच झालं तं?"

"पुन्हा ड्यूस."

"अवो मंग हे सरते कवा?"

"दोघी असल्या तर सरायलाच पाहिजे असं नाही, बुधाभाऊ," बाई म्हणाली.

माझ्या खेळाबद्दल काय सांगू? बाबांच्या कॅनव्हासच्या बुटांत चिंध्या कोंबून मी धावायची. माझे निम्मे चेंडू पलीकडच्या बांधीत जायचे, धानाच्या चिखलात. दिवाळीनंतर कापणीला ते सापडायचे. मजुरीण बाया पदरात बांधून आणून द्यायच्या, "घ्या बाई, यंदा तुमचं बी पीक बरं हाये." पण माझ्या मनात मी कुठल्या कुठे पोचलेली. एकदा माझा एक फटका चुकून बरोबर बसला, तर मी चहूकडे वाकून नमस्कार केला. चहूकडे म्हशी होत्या.

एकदा मोहफुलांच्या दिवसांत आखरावर अस्वल आलं. बुधाभाऊ झाडावर, मी गोदामात, आणि बाई रॅकेट घेऊन जागच्या जागी झुलतेय. अस्वल तिच्याकडे पाहून, हुंगून, निघून गेलं. मी गोदामाच्या दाराआडून विचारलं, "बाई, भीती नाही वाटली?"

"त्याले काय भ्यायचं? पूर्ण टाच टेकून चालते ते."

दीड वर्ष आम्ही अशा खेळलो. या काळात मी तिच्याकडून एक डावसुद्धा जिंकले नाही. एका डावात चाळीसपर्यंत पोचणंही मला कधी जमलं नाही. तिनं कधी एक गुण सवलतीत दिला नाही. माझा चेंडू अर्धं बोट बाहेर असला तरी "बाहेर!" मी पाय आपटायची, "एवढं काय बाई, दिसत पण नाही." ती म्हणायची, "तुले नाही दिसलं. जमिनीले दिसलं."

आणि मग वरोऱ्याहून मला पाहायला मंडळी आली.

मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होता. मी ठरवून टाकलं होतं, हे लग्न होणार नाही. मी नागपूरला स्पर्धेत खेळणार, पेपरात फोटो येणार, सही तयारच आहे. पण घरात 'नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून मी एक युक्ती केली. बाईला पाहुण्यांच्या वेळेलाच बोलावून ठेवलं. बाबा तिला वचकून असत. ती एकदा 'बाहेर' म्हणाली की झालं माझं काम. तिला तरी मी जायला कुठे हवी होते?

बैठकीत सगळे बसले, बाई दारात उभी, चवड्यांवर. तिच्या हातात सवयीनं चेंडू होता. मुलाच्या मामांनी शिक्षणाची चौकशी काढली, मी छताकडे पाहू लागले. तेवढ्यात बाईच्या हातून चेंडू सुटला, सुटला की सोडला ते तिलाच ठाऊक, आणि टप्पे खात बैठकीतून थेट खाटेखाली गेला. सगळे हसले. मुलगा उठला. कडक इस्त्रीच्या पँटीसकट गुडघ्यांवर बसला, खाटेखाली अर्धा गेला, जाळ्याजळमटांसकट बाहेर आला, चेंडू स्वतःच्या रुमालानं पुसला आणि दारापर्यंत जाऊन दोन्ही हातांनी बाईला परत दिला. मामा म्हणाले, "अरे, हे काय!"

बाबांनी बाईकडे पाहिलं. मीही पाहिलं. डोळ्यांनी मी तिला सांगत होते, म्हणा, म्हणा बाहेर.

बाईनं चेंडू हातात फिरवला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बाबांना म्हणाली, "आत आहे, भाऊ. रेषेच्या चांगला आत." आणि चप्पल न घालताच निघून गेली.

मी रडले, चिडले, हिनं मला दगा दिला म्हणून दोन दिवस आखरावर गेले नाही. मूर्ख मुलगी. माझ्या आयुष्याबद्दल जो एकमेव निकाल कुणी डोळे उघडे ठेवून दिला, तो बाईनं. पुढं त्या खाटेखालच्या माणसाबरोबर मी पन्नासहून जास्त वर्षं संसार केला. चष्मा, किल्ल्या, माझी दातांची कवळी, जे जे हरवलं ते त्यानं वाकून शोधून, पुसून, दोन्ही हातांनी परत दिलं.

त्याला एक कोडं मात्र सुटायला वेळ लागला. दर दिवाळीला वरोऱ्याला बाईचं कार्ड यायचं. पत्ता ठसठशीत, आणि मजकूर एकच शब्द. 'ड्यूस.' ना ख्याली, ना खुशाली. मीही उलट टपाली एकच शब्द लिहायची. ह्यांना वाटायचं, आमच्याकडचं काहीतरी व्रत असेल. ही कार्डं पुढे बाई असेपर्यंत आली. तोवर आखरावर तिच्यासमोर गिरणीतल्या बायांच्या मुली उभ्या राहू लागल्या होत्या, आळीपाळीनं. एक सासरी गेली की दुसरी. त्यातली बुधाभाऊची नात नागपूरला जाऊन खरंच जिंकून आली. त्या जागेला गावात अजूनही चंपिणीचं आखर म्हणतात, आणि चंप कोण होता हे आता कुणी विचारत नाही. पण त्या एका शब्दाचा उगम लग्नाआधीच्या आमच्या शेवटच्या खेळात आहे, तो सांगते.

हळदीच्या आदल्या दिवशी मी रुसवा सोडून गेले. बाईनं सकाळीच स्वतःच्या हातानं जमीन सारवून ठेवली होती. रेषा ताज्या. बुधाभाऊ नव्हता, मासे पोचवायला गेला होता. आम्ही दोघीच.

पहिला सेट सहा-शून्य. दुसरा पाच-शून्य. हा शेवटचा डाव, एवढा गेला की संपलं. आणि त्या डावात माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! तीस, मग चाळीस! मी चाळीसवर! ड्यूस! बाईनं पुढचा गुण पाणी प्यावं तसा घेतला. आता तिला एकच हवा. मी डोळे मिटून चेंडू मारला. तो तिच्या डोक्यावरून मागे गेला. तिनं रॅकेट लावली नाही, नुसतं मान वळवून पाहिलं.

"आत," ती म्हणाली. पुन्हा ड्यूस.

पुन्हा एक गुण तिचा. पुन्हा मी मारला, लांब. तिनं वळून पाहिलं. "आत." ड्यूस.

असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. मी मोजण्याच्या मनःस्थितीतच नव्हते. मी चँपियनला अडवून धरलं होतं! फिती सुटल्या, केसांचे आकडे उडाले, बाबांच्या बुटातल्या चिंध्या मैदानभर. माझ्या मनातल्या गर्दीनं टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. पलीकडे बाई धावत होती, झुलत होती, तिच्या काष्ट्याचा पांढरा काठ तेवढा अंधुक उजेडात दिसत होता. ढोरं परत आली, धूळ उडाली, तरी आम्ही खेळतोच आहोत. शेवटी बाबाच आले.

"शके! उद्या हळद हाये तुही, अन् काय करून राह्यली इथी?"

"बाबा, एकच गुण..."

"राहू दे," नेटपलीकडून बाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "उजेड नाही. ड्यूसवर थांबला आहे डाव. लक्षात ठेव."

त्या रात्री मी घरी सगळ्यांना सांगितलं, की आणखी अर्धा तास उजेड असता तर जिंकलेच होते. आत्यानं दृष्ट काढली.

सकाळी आई ओरडली, चांदीचे दोन आकडे कुठे टाकून आलीस? म्हणून उजाडताच मी आखरावर गेले. ढोरं अजून आली नव्हती. वाकून आकडे शोधता शोधता मी बाईच्या बाजूच्या मागच्या रेषेशी पोचले आणि थबकले.

सारवणावर टिकल्या उठल्या होत्या. स्वच्छ, गोल. एक, दोन, तीन... सात. सगळ्या रेषेबाहेर. मी उकिडवी बसले आणि बाईनं क्लबात ठेवलं होतं तसं बोट आडवं ठेवून पाहिलं. पहिली चार बोटं बाहेर. दुसरी सहा. एक तर चांगली वीतभर. रेषेच्या आत एकही नाही. माझ्या डोक्यातली गर्दी हळूच उठून घरी गेली.

पावलं वाजली म्हणून मान वर केली. बाई समोर उभी. हातात शेणकाल्याची बादली. इतक्या सकाळी ती कशाला आली होती ते विचारायची गरज नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या माझ्या बोटाकडे पाहिलं. साहेबासमोर एका बोटासाठी न वाकलेली ती बाई. तिच्या दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्या होत्या.

मला तेव्हा काय सुचलं, कसं सुचलं, देव जाणे. त्या दोन वर्षांत मी केलेलं शहाणपणाचं तेवढंच एक काम. मी तिच्या हातातून बादली घेतली. शेणात हात घातला आणि पहिल्या टिकलीवरून फिरवला. मग दुसऱ्या. हात लांब, बोटांचे वळ न उमटवता, तिनं शिकवलं होतं तसा. सातवी बुजल्यावर उठले, हात मागे धरले.

"टाच, बाई," मी म्हणाले.

तिनं टाचा उचलल्या. या पायावरून त्या पायावर झाली. नाक ओढलं.

"किती झालेत?" तिनं विचारलं.

"ड्यूस," मी म्हणाले.